मेपलचे शनिवार

आश्लेषानं डायल गेजच्या लाकडी पेटीवर हात ठेवला, आणि नेमका त्याच क्षणी समोरून आणखी एक हात त्याच पेटीवर पडला.

"सॉरी," दोघंही एकदमच म्हणाले. हात मात्र कुणीच उचलला नाही.

नोव्हाय गावाच्या कडेला असलेलं एक छोटं मशीन शॉप कायमचं बंद होत होतं. मालक थकला होता, आणि त्या शनिवारी सकाळी सगळी हत्यारं टेबलांवर मांडून तो विकायला बसला होता. बाहेर ऑक्टोबरचा पाऊस, मिशिगनचा, सुयांसारखा टोचणारा. आत तेलाचा आणि जुन्या लोखंडाचा वास. आश्लेषाला तो वास लहानपणापासून ओळखीचा होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तिच्या बाबांचं वर्कशॉप होतं. शाळा सुटली की ती तिथेच बसून गृहपाठ करायची, लेथच्या घरघरीत. आता सत्तावीस वर्षांची झाली होती, आणि गाड्यांचे शाफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत ते सरळ फिरतात की नाही हे असल्याच डायल गेजनं तपासायचं काम करत होती.

समोरचा माणूस उंच होता, केस पावसानं कपाळाला चिकटलेले. त्याचा फोन वाजला. पेटीवरचा हात न काढता त्यानं दुसऱ्या हातानं फोन कानाला लावला.

"हो आई, खाल्लं... नाही, खोटा नाही बोलत... आई, मी बिझी आहे. एक मुलगी माझी वस्तू घेऊन चालली आहे."

आश्लेषाला हसू आवरेना.

"वस्तू अजून कुणाचीच नाहीये," ती म्हणाली.

तो दचकला. फोन खिशात गेला. "ओह नो. तू मराठी आहेस?"

"'तू'? आपली ओळख आहे का?"

"नाही. पण 'तुम्ही' म्हटलं ना, की माझं पुढचं सगळं वाक्य चुकतं." तो मनापासून ओशाळला. "सो... तू. चालेल?"

"चालवून घेईन," ती म्हणाली. "हे कशासाठी हवंय?"

"शाफ्टसाठी."

"गाडीच्या?"

"पूलच्या. बिलियर्ड्ससारखा गेम. क्यू असतो ना, खेळायचा..." त्यानं हवेतच नेम धरून दाखवला. "मी क्यू बनवतो."

"काठ्या?"

"काठ्या!" त्याच्या चेहऱ्यावर खरंच दुःख उमटलं. "त्या काठ्या नसतात. आणि तुला कशाला हवंय?"

"माझ्या बाबांना पाठवायचंय. त्यांचा डायल म्हातारा झालाय."

मग त्यानं हात हळूच उचलला. "मग तू घे. बाबांसाठी आहे तर... पण एक रिक्वेस्ट. पाठवायच्या आधी एकदा माझ्या लेथवर लावून बघशील? माझे शाफ्ट नाचतात. का नाचतात ते मला एक वर्ष झालं कळत नाहीये."

"आउट चालतात म्हणतात त्याला," ती म्हणाली. आणि आपण हो म्हणून टाकलंय हे तिला गाडीत बसल्यावर कळलं.

त्याचं नाव श्रीरंग. जन्म जवळच्याच ॲन आर्बर गावचा, शाळा-कॉलेजही तिथलंच. लॉ स्कूलचं एक वर्ष झाल्यावर ते सोडून त्यानं सायकली दुरुस्त करणाऱ्या एका दुकानामागची खोली भाड्यानं घेतली होती. दुपारी आश्लेषा तिथे पोचली, आणि दार उघडताच थबकली.

छतापासून दोऱ्यांना बांधून पन्नास-साठ कांड्या उभ्या लोंबत होत्या. फिकट, दुधी रंगाच्या, वर जाड आणि खाली निमुळत्या. दारातून वारा आला तशा त्या एकमेकींना लागून टिकटिक वाजल्या. खोलीभर गोडसर वास होता.

"मेपल," श्रीरंग म्हणाला. "हे सगळे शाफ्ट होणार आहेत. एकदम नाही कापायचं. एका वेळी थोडंसंच. मग तीन आठवडे असंच टांगून ठेवायचं."

"तीन आठवडे?"

"लाकडात आत ताण असतो. वरचं थोडं काढलं की ते हळूहळू वळतं. वळू द्यायचं. मग पुन्हा थोडं कापायचं."

"आणि घाई केली तर?"

"तर ते माझ्याकडे नाही वळत. लोकांच्या घरी जाऊन वळतं."

आश्लेषा हसली. त्याच्या बोलण्यात व्याकरणाच्या चुका असत, पण सांगायचं ते बरोबर पोचायचं.

त्यानं एक तयार क्यू आणला. दोन तुकड्यांचा: मागे जाड मूठ, पुढे निमुळता शाफ्ट, मधे स्क्रूनं जोडलेला. हा क्यू होता ओडेल नावाच्या एका गृहस्थाचा. वय बहात्तर, उभं आयुष्य गाड्यांच्या कारखान्यात ओतकामात घालवलेलं, आणि आता रोज दुपारी पूल. त्यानं क्यू दोनदा परत केला होता. दोन्ही वेळा टेबलावर लोळवून दाखवत एवढंच म्हणाला होता, "पोरा, हा उड्या मारतो."

"मी आईला प्रॉमिस केलंय," श्रीरंग म्हणाला. "उन्हाळ्याच्या आत ओडेलचा क्यू नीट झाला नाही, तर परत लॉ स्कूल."

आश्लेषानं बाह्या वर केल्या. नुसता शाफ्ट लेथवर दोन टोकांच्या मधे धरून तिनं डायल लावला आणि हातानं फिरवला. काटा जागचा हलला नाही. मग शाफ्ट मुठीला जोडला आणि पुन्हा फिरवला. टोकाशी काटा झोके घेऊ लागला.

"बारा थाऊ," ती म्हणाली. "इंचाचे बारा हजारांश."

"पण एकटा असताना तर परफेक्ट होता!"

"हो ना..." ती पुटपुटली. कारण तिलाही लगेच सापडेना. गाडीचे शाफ्ट लोखंडाचे. लाकडाशी तिची गाठ पहिल्यांदाच पडत होती. "उद्या सकाळी येते. एका माणसाला विचारावं लागेल."

रविवारी सकाळी ती आली आणि कॉलिंग कार्डाचा लांबलचक नंबर दाबून तिनं कोल्हापूरला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. फोन स्पीकरवर टाकून तिनं श्रीरंगला ओठांवर बोट ठेवून खुणावलं.

"बाबा, एक जॉब आहे. लाकडाचा, लांब, बारीक होत जाणारा. दोन टोकांना सेंटरवर धरला की ट्रू आहे, सरळ फिरतो, पण जोडला की आउट मारतो."

"लाकडाचा?" जगन्नाथरावांचा आवाज आला. "तुमची कंपनी आता लाटणी करायला लागली काय?"

"कंपनीचा नाही. एका... ओळखीच्याचा आहे."

"ओळखीचा म्हंजे?"

"बाबा, जॉबचं सांगा ना!"

मग बाबांमधला टर्नर जागा झाला. "हे बघ. सेंटरवर ट्रू आहे म्हणून खूश होऊ नको. तो जॉब शेवटी सेंटरवर बसणार आहे काय? न्हाई. तो जोडावर बसणार. मग जोडावरच बसवून शेवटचा हात मारायचा. तसल्याच आट्याचा एक तुकडा करून चकच्या जबड्यामधी धर, तो आधी ट्रू कर, त्याच्यावर जॉब पिळून बसव, आणि मग काप. आणि मागचा टेकू लई आवळत असणार तुझा ओळखीचा. बारीक जॉब दाबला की धनुष्यागत वाकतो."

श्रीरंगनं लेथच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. टेकू त्यानं सगळा जोर लावून आवळलेला होता. तो भान विसरून म्हणाला, "थँक यू, काका!"

पलीकडे फोन कानाला घट्ट लावल्याची खरखर ऐकू आली.

"...कोण बोललं गं?"

"बाबा, कार्ड संपत आलंय, ठेवते!"

जुन्या क्यूचा शाफ्ट आता आणखी कापण्याजोगा उरला नव्हता. म्हणून टांगलेल्यांतून एक कांडी निवडली, जिच्या लाकडाच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही बाहेर न सटकता सरळ गेल्या होत्या. त्या एकीला अजून सात-आठ वेळा कापायचं होतं, आणि दर वेळी मधे तीन आठवडे. आता भेटींचं वेळापत्रक मेपलनंच ठरवलं.

पहिल्या तीन आठवड्यांनी आश्लेषा आली, दोघांनी कापलं, मोजलं, वहीत आकडे लिहिले, कांडी टांगली. मग दोघंही उगाचच उभे राहिले.

"म्हणजे आता तीन आठवड्यांनी," ती म्हणाली.

"हो... लाकडाला रेस्ट पाहिजे."

"हो ना."

"लाकडाला," तो पुन्हा म्हणाला. "आपल्याला नाही. सो, कॉफी?"

मग कॉफी. मग डिसेंबरात एकदा, लाकडाचं काहीही काम नसताना, बर्फात अडकलेली तिची गाडी काढायला तो तिच्या घरी नोव्हायला आला आणि त्याचीच गाडी अडकली. तिनं पिठलं-भात केला. त्यानं तीनदा वाढून घेतला आणि चौथ्यांदा ताट पुढे करताना म्हणाला, "माझ्या घरी काठ्या मिळतात. तुझ्या घरी जेवण. तूच सांग, कुणी कुणाकडे यायचं?"

"आता तूच काठ्या म्हणालास!"

"जेवणासाठी मी काहीही म्हणेन."

एकदा वर्कशॉपमध्ये ती वाकून डायल वाचत होती. तिच्या केसांवर लाकडाचा बारीक भुसा बसला होता, रव्यासारखा. तो झटकायला श्रीरंगनं हात पुढे केला आणि अर्ध्यावरच थांबला. ती काट्यावरून नजर न हलवता म्हणाली, "झटकतोयस, की तिथेच थांबणार आहेस?"

त्यानं झटकला. इतका हळू, की भुसा बहुतेक होता तिथेच राहिला.

जानेवारीत तो चार दिवस आजारी होता. पाचव्या दिवशी त्याचा फोन आला.

"मी तुला मिस... मराठीत काय म्हणतात?"

"आठवण आली म्हणतात."

"पण कुणाला कुणाची, ते कुठे लावायचं? माझा नेहमी उलटा होतं."

"सोपं आहे. 'मला तुझी आठवण आली.'"

"ओह, थँक यू," तो म्हणाला. "मलाही."

आश्लेषा फोन धरून उभी राहिली. आपण सरळ सरळ फसवले गेलो आहोत हे तिच्या लक्षात आलं, आणि त्याचा राग मात्र येत नव्हता. खिडकीबाहेर बर्फ पडत होता, आवाज न करता.

फेब्रुवारीत श्रीरंगची आई, सुहासिनीकाकू, डबा घेऊन वर्कशॉपवर आल्या. आश्लेषाच्या हातात डायल, नाकावर गॉगल. काकूंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"तूच का ती... कोल्हापूरची?"

"हो, काकू."

"तूच याच्या डोक्यात भरवतेस का, की हे जमेल म्हणून?"

आश्लेषानं गॉगल वर केला. "मी काही भरवत नाही, काकू. मी फक्त मोजते. ऑक्टोबरात बारा होतं. आज तीनवर आलंय."

काकूंना थाऊचं काही कळलं नाही. पण त्यांनी डबा उघडला आणि पहिली पोळी तिच्या पुढे धरली.

मार्चमधल्या एका शुक्रवारी आश्लेषाच्या विभागातल्या अकरा जणांना एका खोलीत बोलावलं गेलं. कंपनीचं काम घटलं होतं. पंधरा मिनिटांत सगळं संपलं. तिच्या टेबलावरचा मग, एक स्वेटर आणि बाबांचा फोटो एका खोक्यात मावला. नोकरी गेली की तिच्याबरोबर व्हिसाही जाणार होता. वकिलानं सांगितलं, लगेच दुसरी कंपनी शोधा, नाहीतर तिकीट काढा. ती रात्रंदिवस अर्ज करत राहिली. श्रीरंगला तिनं काही सांगितलं नाही. त्यानं काळजीनं बघावं, हे तिला नको होतं.

पुढच्या शनिवारी लेथवर कांडी फिरत होती.

"दोन," ती म्हणाली. "नाही... चार. थांब, पुन्हा बघते."

श्रीरंगनं तिच्याकडे पाहिलं. "तू आकडा कधी चुकत नाहीस."

तिनं डायल खाली ठेवला आणि सांगून टाकलं. नोकरीचं, व्हिसाचं, खोक्याचं. सांगताना आवाज कापला नाही याचं तिला बरं वाटलं.

त्याचा चेहरा आधी पडला आणि मग एकदम उजळला. गॉगल कपाळावर सारून तो म्हणाला, "पण हे इझी आहे! लग्न करू या. मी सिटिझन आहे. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड."

लेथ फिरतच होता. आश्लेषा श्रीरंगकडे बघत राहिली. हेच शब्द तिनं कितीदा मनात ऐकले होते. दुसऱ्या कुठल्याशा दिवशी, दुसऱ्या कुठल्याशा आवाजात...

"प्रॉब्लेम," ती म्हणाली. "सॉल्व्ह्ड."

"म्हणजे, मला तसं—"

"मला कळलं तुला कसं म्हणायचंय ते."

तिनं कोट उचलला. दार उघडताच टांगलेल्या कांड्या टिकटिक वाजल्या, आणि ती गेली.

तीन आठवडे तिनं त्याचा फोन घेतला नाही. पाच मुलाखती फोनवर दिल्या. एप्रिलच्या सुरुवातीला टेक्ससमधल्या प्लेनोतून होकार आला: पंप बनवणारी कंपनी, तपासणीचंच काम. नवीन कंपनी व्हिसाचे कागद भरणार होती. पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं. बाबांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले आणि मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "आणि तुझ्या ओळखीच्याच्या जॉबचं काय झालं?"

"शेवटचा हात राहिलाय."

"कधी आहे?"

"या शनिवारी."

"मग? जॉब अर्धा टाकून जाणार काय तू?"

शनिवारी सकाळी तिनं पुस्तकांचा तिसरा खोका बांधला, टेप कापली, कात्री ठेवली आणि गाडीची किल्ली घेतली.

श्रीरंग लेथपाशी उभा होता. सगळं मांडून तयार होतं. पण कांडी अजून वरच टांगलेली. त्यानं हात लावलेला नव्हता.

"मला वाटलं तू येणार नाहीस."

"ओडेलसाठी आलेय," आश्लेषा म्हणाली.

बाबांनी सांगितला होता तसा आट्यांचा तुकडा चकमध्ये होता. तिनं डायल लावून तो तपासला. काटा थरथरलासुद्धा नाही. श्रीरंगनं शाफ्ट त्यावर पिळून बसवला. मागचा टेकू पुढे आणला आणि आवळता आवळता थांबला. तिनं मान हलवली, नको. टेकू लाकडाला नुसता टेकला.

लेथ सुरू झाला. गरगर फिरणारं पातं कांडीच्या कडेनं मुंगीच्या चालीनं सरकू लागलं, आणि पिठासारखा पांढरा भुसा हवेत उडाला. एवढ्याला सात मिनिटं लागली. पातं टोकापर्यंत जाऊन थांबलं. श्रीरंगनं शाफ्ट काढून ओडेलच्या मुठीला जोडला. आश्लेषानं टोकाशी डायल लावला आणि क्यू हळूच फिरवला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा.

"किती?" त्याच्यानं राहवेना.

"अर्धा," ती म्हणाली. "अर्धाच थाऊ."

ओरडावं, उड्या माराव्यात असा तो क्षण होता. दोघं नुसते उभे राहिले, भुसा हळूहळू खाली बसत असताना.

दुपारी ओडेल आला. टोपी काढली, क्यू घेतला, कोपऱ्यातल्या जुन्या पूल टेबलावर ठेवला आणि तळव्यानं पुढे ढकलला. वाकून, क्यू आणि टेबल यांच्या मधल्या प्रकाशाच्या फटीकडे बघत राहिला. फट उघडली नाही, मिटली नाही. क्यू शांतपणे लोळत पलीकडच्या कडेला जाऊन टेकला. त्यानं पुन्हा लोळवला. मग मोठा उसासा टाकला.

"सत्यानाश," म्हातारा म्हणाला. "आता नेम चुकला तर बोल कुणाला लावू?"

आणि श्रीरंगचा हात हातात घेऊन तो सोडेचना. मग त्यानं आश्लेषाचाही हात घेतला, आणि क्यू काखोटीला मारून शीळ घालत निघून गेला.

बाहेर गल्लीत बर्फ वितळून पाण्याचे ओघळ झाले होते. विद्यार्थी सायकलींवरून चिखल उडवत जात होते. आश्लेषा गाडीपाशी पोचली, तेव्हा श्रीरंग मागून आला.

"एक मिनिट. प्लीज." त्याला दम लागला होता. "त्या दिवशी मी उलट्या ऑर्डरमध्ये बोललो. दुसरं वाक्य पहिल्यांदा बोललो."

"आणि पहिलं कोणतं होतं?"

"मला तू आवडतेस." यात एकही चूक नव्हती. "ऑक्टोबरपासून. तू हात उचलला नाहीस, तेव्हापासून. व्हिसाचा प्रश्न नसता, नोकरी असती, काहीही असतं तरी. मी एवढंच बोलायला पाहिजे होतं. पण मला भीती वाटली की तू जाशील. आणि भीती वाटली की मी... फार आवळतो."

आश्लेषाला एकाच वेळी हसू आणि रडू आलं. तिनं गाडीच्या टपावर हात टेकला.

"ऐक, श्रीरंग. मलाही तू आवडतोस. खूप. पण कागदासाठी म्हणून मी तुझ्याशी लग्न केलं, तर उद्या कधी भांडण झालं की माझ्या मनात येईल, यानं माझ्यावर उपकार केले."

"माझ्या मनात कधीच नाही येणार."

"माझ्या येईल ना. मला ते नकोय. तुझ्या-माझ्या मधे तर अजिबात नको."

त्यानं हातांवरचा भुसा पँटला पुसला. "मग मी काय करू?"

"मला जाऊ दे."

त्यानं होकाराची मान हलवली. सोपं नव्हतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "ओके. फोन करू?"

"कर."

"तीन आठवड्यांनी?"

"मी काय लाकूड आहे?" ती म्हणाली. "रोज कर."

प्लेनोत सगळं सपाट, रुंद आणि तापलेलं होतं. ऑफिसं कॉलेजांएवढी, घरं त्याहून मोठी, आणि रस्त्यावर चालणारं माणूस शोधून सापडेना. आश्लेषानं रेल्वे स्टेशनजवळ एक छोटं अपार्टमेंट घेतलं. डायल एकदाचा कोल्हापूरला बाबांकडे रवाना झाला. रोज संध्याकाळी फोन वाजे. ओडेल गावभर आपला क्यू लोळवून दाखवत हिंडत होता, आणि श्रीरंगकडे ऑगस्टपर्यंत नऊ जणांच्या मागण्या आल्या होत्या. सुहासिनीकाकूंनी लॉ स्कूलचं नाव काढणं सोडलं होतं. उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या आता थाऊ म्हणजे काय ते समजावून सांगत. एखाद्या दिवशी बोलायला काही उरत नसे. तेव्हा तो लेथ चालू करून फोन बाजूला ठेवी, आणि ती इकडे भाजी चिरत ती घरघर ऐके.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुट्टी होती. श्रीरंग येणार होता. ॲन आर्बरहून शिकागो आणि तिथून डॅलस, दोन दिवस आगगाडीनं. विमानात विचार करायला वेळ मिळत नाही, असं त्याचं म्हणणं. डॅलसहून शहरी रेल्वेनं तो प्लेनोला पोचला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. ऊन सौम्य होतं. फलाटावर आश्लेषा उभी होती, निळ्या कुर्त्यात, दोन्ही हात मागे बांधून.

तो उतरला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला, चेहऱ्यावर दोन दिवसांचा सगळा प्रवास. तिला पाहताच त्यानं तोंड उघडलं.

"थांब," ती म्हणाली. "आधी मी."

तो तसाच थांबला, बॅग हातात धरून.

"परवा पत्र आलं. माझा व्हिसा मंजूर झाला. तीन वर्षांचा. नोकरी पक्की आहे. घर माझं मी घेतलंय. मला या देशात राहायला आता कुणाचीही गरज नाही, श्रीरंग. तुझीसुद्धा नाही."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. "ओके," तो कसाबसा म्हणाला. "मी... आय ॲम हॅपी फॉर यू. रिअली."

"वेड्या, पुढचं ऐक. गरज नाही, म्हणूनच विचारतेय." तिचा आवाज आता मात्र कापला, आणि तिनं तो कापू दिला. "लग्न करशील माझ्याशी?"

मागे गाडीची दारं मिटली, गाडी निघून गेली. श्रीरंगनं बॅग खाली ठेवली. मग बाकावर बसला. इंग्रजीत तीन वाक्यं सुरू केली आणि तिन्ही अर्धवट सोडली.

"मीच विचारणार होतो," शेवटी तो म्हणाला. "शिकागोपासून पाठ करतोय. शेजारच्या सीटवरच्या आजींना सगळं पाठ झालंय आता."

"मग उत्तर दे ना!"

"हो." तो हसला, डोळे पुसत. "हो, हो, हो. चुकलं काही?"

"काहीच नाही," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली. त्यानं तिचा हात दोन्ही हातांत घेतला, जपून.

मग श्रीरंगला आठवलं. "पण राहायचं कुठे? माझा लेथ, आश्लेषा... तो तुझ्या अपार्टमेंटच्या दारातून जाईल का?"

"नाही जाणार. चार इंच कमी पडतात."

"तू मोजलंस?"

"हो. स्टेशनमागच्या गल्लीत एक घर आहे, गॅरेजवालं. त्याच्या दारातून जातो. तेही मोजलं. सप्टेंबरात."

तो तिच्याकडे वळला. "पण व्हिसा तर परवा आला ना?"

आश्लेषाच्या गालांवर ऊन होतं की आणखी काही, ते सांगता आलं नसतं. तिनं पटकन उठून त्याची बॅग उचलली आणि चालू लागली.

"आश्लेषा, सप्टेंबरात?"

"ये लवकर," ती मागे न बघता म्हणाली. "घरमालकीण तिथे दोनपर्यंतच आहे."